यंत्राला कान देताना

पावसाळ्याचे दिवस होते. मुंबईतील एका टॅक्सीचालकाच्या जुन्या गाडीतून काही दिवसांपासून एक नवाच आवाज येऊ लागला होता. सिग्नल हिरवा झाला आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला, की पुढच्या बाजूने फट्-फट् असा आवाज उठे. वेग स्थिरावला की तो मंद होई. पहिल्या दिवशी त्याने कान टवकारले. दुसऱ्या दिवशी रेडिओचा आवाज वाढवला. आठवडाभरात त्याला त्या फटफटीची सवयही झाली.

माणूस असा जाणूनबुजून बहिरा का होतो? त्यामागे आळसापेक्षा भीतीच अधिक असते. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये राहिली, तर त्या दिवसाची कमाई बुडते. शिवाय खर्च किती निघेल, याचा नेम नसतो. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला न ऐकलेले दुखणे स्वस्त वाटते.

अखेर एका प्रवाशाने हटकले, तेव्हा तो मिस्त्रीकडे गेला. ‘‘मिस्त्री, पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलून टाका,’’ तो म्हणाला. स्टँडवरच्या दुसऱ्या एका गाडीचे तेच निघाले होते. मिस्त्रीने पान्याला हात लावला नाही. त्याने विचारले, ‘‘बदलू, पण आधी हे सांगा, गाडी उभी असताना रेस दिली, तर आवाज येतो का?’’ चालकाने ते कधी पाहिलेच नव्हते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस दिली, तर आवाज जसाच्या तसा आला.

एवढ्या एका प्रश्नाने बेअरिंग निर्दोष ठरले. चाक फिरतच नसेल, तर त्याचे बेअरिंग आवाज करील कसे? निदानाची पहिली पायरी हीच आहे. आवाज इंजिनच्या गतीबरोबर चढतो-उतरतो की चाकांच्या गतीबरोबर, हे आधी ठरवावे लागते. हे न ठरवता सुटे भाग बदलत राहणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

प्रत्येक दोषाचा स्वर वेगळा असतो. एकदम रेस दिल्यावर किंचाळी उठली, तर फॅन बेल्ट सैल किंवा झिजलेला असण्याचा संभव असतो. चाकाचे बेअरिंग झिजले, की गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येते आणि वळणावर ती बदलते. पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत वळताना टक्-टक् असा आवाज आला, तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा तपासावा लागतो. बहुधा त्यावरचे रबरी आवरण फाटून ग्रीस बाहेर गेलेले असते. इंजिनच्या पोटातून जड ठोके ऐकू येऊ लागले, तर मात्र गाडी पुढे न दामटता तेथेच थांबवणे शहाणपणाचे असते.

मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनच्या एकेका स्थिर भागावर टेकवले आणि मूठ कानाशी धरली. 1816 मध्ये पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. मिस्त्रीचे साधनही त्याच जातीचे. इंजिनचे पोट निरोगी आहे, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने शागिर्दाला सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर फडके धरायला सांगितले. लगेच पुढच्या जोडापाशी फुसफुस वाढली. तेथे काळी काजळीही धरली होती. इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यामधले पॅकिंग जळले होते.

‘‘काचा बंद करून गाडी चालवता का?’’ मिस्त्रीने विचारले. ‘‘पावसात कराव्याच लागतात. संध्याकाळपर्यंत डोके अगदी जड होते,’’ चालक म्हणाला. मिस्त्री क्षणभर गप्प राहिला. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. बंद गाडीत तो साठला, तर माणसाचा जीव घेऊ शकतो. रेडिओखाली दडपलेली ती फटफट ही सावधगिरीची हाक होती. पॅकिंग बदलायला बेअरिंगपेक्षा कमीच खर्च आला.

आवाज थांबला म्हणजे संकट टळले, असेही नाही. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, की काही वेळा डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट होतो. इंजिनमधील इंधन नको त्या क्षणी पेटल्याचे ते लक्षण होय. 1921 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून हा खडखडाट थांबवता येतो, असे आढळले. इंजिने शांत झाली. पण धुरावाटे शिसे हवेत पसरले आणि मुलांच्या मेंदूंना इजा करत राहिले. भारताने 2000 मध्ये आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने 2021 मध्ये असे पेट्रोल बंद केले.

आज अनेक पेट्रोल गाड्यांच्या इंजिनला हा खडखडाट टिपणारा संवेदक बसवलेला असतो आणि त्याच्या सूचनेवरून ठिणगीची वेळ आपोआप बदलली जाते. संगणक जोडला, की कित्येक दोषांचे क्रमांक पडद्यावर उमटतात. तरीही सैल बेल्ट, फाटलेले आवरण किंवा घरघरणारे चाक यांचा क्रमांक सहसा उमटत नाही. तेथे माणसाचाच कान लागतो. तो कान शाळेच्या दाखल्याने मिळत नाही; वर्षानुवर्षे लक्षपूर्वक ऐकल्याने तयार होतो.

त्या चालकाने रेडिओ सोडला नाही. मात्र रोज सकाळी पहिला सिग्नल ओलांडेपर्यंत तो रेडिओ बंद ठेवतो. तेवढा वेळ गाडीला बोलू द्यायचे, असे त्याने ठरवले आहे.