थेंबे थेंबे तळे आटे

आमच्या घरची मोटार वीस वर्षांची आहे. तिने आमची सारी कामे निमूटपणे केली. म्हणूनच की काय, तिच्याकडे लक्ष देण्याचे आम्हांस फारसे सुचले नाही. गेल्या दिवाळीपासून ती जेथे उभी राही तेथे जमिनीवर हिरवट पाण्याचे दोन-चार थेंब दिसू लागले. आत बसल्यावर किंचित गोडसर वासही येई. "जुनी गाडी, थोडे गळायचेच," असे म्हणून आम्ही आठ-पंधरा दिवसांनी नळाचे तांब्याभर पाणी ओतीत असू, आणि आपले कर्तव्य झाले असे समजत असू.

जानेवारीत झाशीहून आमच्या वृद्ध आत्यांना ग्वाल्हेरास आणावयाचे होते. अंतर सुमारे १०० किलोमीटर. त्या भागातील पहाटेचे धुके व थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. हीटर लावून आम्ही निघालो. दतिया मागे पडले, तोच आत्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या या शेगडीतला विस्तव विझला वाटते. पायांना गार वारा लागतो आहे."

"येईल हो ऊब, आत्या. जरा धीर धरा," आम्ही म्हणालो.

पुढे डबऱ्याच्या अलीकडे इंजिनाची उष्णता दाखविणारा काटा वर चढला, आणि थोड्याच वेळात आपोआप खाली आला. आम्हांस हायसे वाटले. परंतु आत्या ऐकेनात. "काहीतरी बिघडले आहे. थांबव बघू आधी." केवळ त्यांचा मान राखण्यासाठी आम्ही गाडी कडेला घेतली, तो बॉनेटखालून वाफेचा लोट उठला.

डबऱ्याहून मिस्त्री आले. आमचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे जाताच त्यांनी तो धरला. "बाबूजी, आधी निवू द्या. आत दाब आहे, म्हणून पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण काढले की एकदम उसळेल आणि तोंड-हात भाजेल."

तासाभराने त्यांनी दोष दाखविला. इंजिनातील गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून हीटरकडे जाते व परत येते. त्यांपैकी एका नळीवर बोटभर लांबीचा प्लास्टिकचा वॉल्व्ह असतो. आतली कळ फिरविली की बारीक तारेने तो उघडतो वा मिटतो. वर्षानुवर्षे तापून निवून ते प्लास्टिक ठिसूळ झाले होते. आधी तडा गेला, त्यातून थेंब गळले. त्या पहाटे तोंडच तुटले.

"पण काटा तर खाली आला होता!" आम्ही म्हणालो.

"काटा पाण्याची उष्णता मोजतो, बाबूजी. पाणीच उरले नाही, तर तो काय मोजणार? हीटर गार पडला, तेव्हाच गाडीने सांगितले होते. आणखी थोडी चालविली असती, तर इंजिनाचे हेड वाकले असते."

नवा वॉल्व्ह तेथे मिळेना. मिस्त्रींनी हीटर वगळून नळी परस्पर इंजिनास जोडली, आणि उरलेला प्रवास आत्यांनी दोन घोंगड्या व आमचा स्वेटर पांघरून केला.

चार दिवसांनी ग्वाल्हेरास नवा वॉल्व्ह बसविताना आम्ही जवळ बसून सर्व पाहिले. वाचकांपैकी कोणाकडे जुनी गाडी असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. इंजिन पूर्ण गार असावे. चिकटलेली जुनी नळी ओढू नये, पात्याने उभी चिरून काढावी. ओढल्यास हीटरची नाजूक नळी मोडते. रबरी नळ्या व क्लिपा त्याच वेळी नव्या घालाव्यात. नळाच्या पाण्याने आत क्षार व गंज धरतो, म्हणून शुद्ध केलेले पाणी व कूलंट निम्मे-निम्मे भरावे. मग हीटर उघडा ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. काढलेले कूलंट मात्र अंगणात उघडे ठेवू नये. ते चवीला गोड पण विषारी असते. मुले व कुत्री त्याला भुलतात.

वॉल्व्हची किंमत अल्प होती. जे थेंब आम्ही तीन महिने पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांची किंमत मात्र मोठी पडली असती. आणि ती आमच्याबरोबर त्या वृद्ध जिवालाही थंडीत मोजावी लागली असती.

त्या संध्याकाळी आम्ही आत्यांची क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, "दुसऱ्यांदा सांगितल्यावर तरी थांबलास. तुझ्या वडिलांना तीनदा सांगावे लागे."