हाताशी आलेले जांभूळ

मुंबईचे पाहुणे मुरबाडला आले की एक प्रश्न हटकून विचारतात, "इथे चेरी लावून पाहिलीत का हो?" खरी चेरी हिवाळाभर कडक थंडी सोसल्याखेरीज फुलत नाही, ती काश्मीरलाच शोभते. आमच्या उष्ण हवेत ब्राझीलकडची सुरिनाम चेरी येईल; पण तिचे कूळ पाहाल, तर ती निघते जांभळाचीच भाऊबंद! पेरू, लवंग नि निलगिरीही त्याच घरातली. मग घरचे जांभूळ सोडून दूरच्या भावकीचा सोस कशाला?

जांभळाला फार निगा लागत नाही, धीर मात्र लागतो. बी टिकत नाही. पंधरवड्याच्या आत मातीत गेलेले बरे. पुष्कळदा एकाच बियेतून दोन-तीन कोंब येतात, त्यांतला जोमदार तेवढा ठेवावा. फळाला आठ-दहा वर्षे लागतात. म्हणजे आजोबांनी लावायचे नि नातवाने खायचे.

पण तोवर झाड पन्नास-साठ फुटांवर जाते, आणि त्याची फांदी दिसते तेवढी भरवशाची नसते, काडकन मोडते. त्यात मृगाच्या सरींआधी फळ उतरवायची घाई. आमच्या पाड्यावरचा एक कातकरी गडी असाच पडला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. त्याची बायको मग दुसऱ्यांनी उतरवलेली जांभळे विकत घेऊन शहापूरजवळ मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला द्रोण मांडून बसू लागली. दिवसाकाठी हाती काय उरणार?

त्याच पावसाळ्यात मी कलमे आणली. जात 'कोंकण बहाडोली', दापोलीच्या कृषी विद्यापीठाची. बहाडोली हे गाव आज पालघर जिल्ह्यात असले, तरी २०१४ पर्यंत ते आमच्या ठाणे जिल्ह्यातलेच. तिथल्या टपोऱ्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तीस-तीस फुटांवर खड्डे घेतले, लहानपणीच शेंडे खुडले आणि फांद्या आडव्या वाढू दिल्या. पाचव्या वर्षी फळ धरले. थोरल्या झाडाइतका माल एका कलमावर निघत नाही, हे खरे. पण तो जमिनीवर उभे राहून तोडता येतो.

आता तोडणी तीच बाई करते, आणि निम्मा वाटा तिचा. नवरा सावलीत बसून फळे निवडतो, फुटकी बाजूला काढतो. कुणाचा हात भरभर चालत नसला, की बसल्या जागेवरून ओरडतोही!

वाचकहो, जागा असेल तर एखादे कलम जरूर लावा. आणि शेंडा वेळीच खुडा.