नांदेड ते लातूर : पाण्याच्या गाडीपलीकडे

नांदेडहून लातूरला निघालो की वाटेत लोहा, अहमदपूर, चाकूर लागते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर असते. लोह्याहून आत वळले की कंधार आहे. तिथला जुना किल्ला आणि हाजी सय्याह यांचा दर्गा आम्ही मुलांना आवर्जून दाखवतो.

पण बाहेरगावच्या नातेवाइकांना लातूर म्हटले की आठवते ती फक्त पाण्याची गाडी. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला आले. ते चित्र देशभर दिसले, आणि ते खरेही होते. मात्र ते पाणी लातूर शहरासाठी होते. खेड्यांतल्या बायाबापड्या टँकरची आणि बोअरची वाट पाहत होत्या. धनेगावचे मांजरा धरण का आटले, उसाला किती पाणी गेले, हे विचारायला फार थोडे लोक थांबले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले, तेव्हा कॅमेरे निघून गेले होते.

या चित्रात आपली माणसे तर आणखी कमी दिसतात. गावातला बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, शेतमजूर घरात दखनी बोलतो आणि बाजारात मराठी. लातूरच्या फ. म. शहाजिंदे यांनी मराठीतच कविता लिहिली. तरी पडद्यावरच्या मराठी खेड्यात मुसलमान दिसतो तो बहुधा उरुसापुरता.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे आणि कुणाला हिणवू नये, अशीही. या दोन्ही गोष्टी गावाच्या बातमीलाही लागू आहेत.

पी. साईनाथ यांनी 2014 साली ग्रामीण भारताच्या कहाण्यांचे ‘परी’ हे भांडार सुरू केले. त्यात मराठी आणि उर्दूतही वाचता येते. पण प्रत्येक गावात साईनाथ कुठून येणार?

शाळेत ‘आपले गाव’ या विषयावर मुलांनी लिहिले : ‘आमचे गाव दुष्काळी व मागासलेले आहे.’ हे वाक्य त्यांचे नव्हते, ऐकीव होते. मग आम्ही त्यांना 1972 च्या दुष्काळाबद्दल घरी विचारायला सांगितले. मुले लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याच्या हकिकती घेऊन आली. एका मुलीने लिहिले, ‘मी ज्या रस्त्याने शाळेत येते, तो माझ्या दादीने केला आहे.’

गाव तेच, दुष्काळही तोच. पण यात दादी हात पसरून उभी नाही, ती काम करते आहे.

त्या वेळी वीस वर्षांची असलेली माणसे आज सत्तरीपार गेली आहेत. वाचकहो, येत्या सुट्टीत मुलांना वही द्या आणि दादी-नानीजवळ बसवा. त्यांनी सांगितले नाही, तर आपली गोष्ट दुसरेच कुणी सांगेल, आणि आपली मुले तीच खरी मानतील.