डांबर संपते तेथून

वर्धा जिल्ह्यात येणारा प्रवासी बहुधा सेवाग्राम आणि पवनार या दोन स्थळांची यात्रा करून परततो आणि या भूमीचे अंतरंग आपल्याला कळले असे समाधान उराशी बाळगतो. त्या समाधानाला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही, कारण बापूकुटीच्या मातीच्या भिंतींपुढे आणि पवनारला धाम नदीच्या काठी मीही अनेकदा नम्र होऊन बसलो आहे. परंतु या जिल्ह्याविषयीची माझी खरी ओढ त्याच्या काळ्या जमिनीची आहे. वैशाखात जिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जावा, मृगाचे पाणी पडताच जिने फुगून त्या भेगा मिटवाव्यात आणि कार्तिक उजाडला तरी पोटातली ओल सोडू नये, अशी ती जमीन आहे. कापूस तिच्यावर पोसला जातो तो या ओलीमुळेच, आणि तो कापूस घरी आणताना कास्तकाराचा जीव मेटाकुटीला येतो तोही या ओलीमुळेच.

या खेपेस मी गेलो तो मामेभावाच्या आग्रहावरून. समुद्रपूर तहसिलीत, गिरडच्या अलीकडे, आमच्या मामांचे शेत आणि शेतातच घर आहे. कापूस, तूर, सोयाबीन आणि एका तुकड्यात वायगावची हळद, जिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मामांच्या बोलण्यात एक नवा ताठा आला आहे. गावापर्यंत डांबरी सडक आहे. तेथून घरापर्यंत पांदण. मामेभावाला एक जुनी गाडी घ्यावयाची होती आणि दोन गाड्या त्याच्या नजरेत भरल्या होत्या. पहिली होती सैन्याच्या लिलावातून निघून दोन मालकांच्या हातांखालून गेलेली, पेट्रोलवर चालणारी, चारही चाके ओढणारी मारुती जिप्सी, मागच्या बैठका काढून तेथे लोखंडी डाला बसवलेली. दुसरी, जामच्या चौरस्त्यावरील एका वाहतूकदाराचा टाटाचा सहाचाकी डिझेल ट्रक. एकीत पाच क्विंटल माल मावणार, दुसऱ्यात त्याच्या कित्येक पट. ज्यांची तुलना करणेच मुळी अप्रस्तुत, अशा या दोन वस्तूंमध्ये निवड करावयाची म्हणजे काय, हे मला प्रथमदर्शनी उमगले नाही. परंतु दोहोंची मागितलेली किंमत जवळजवळ सारखी होती, पदरी रक्कम एकाच गाडीपुरती होती, आणि घरात मामांचा कौल ट्रककडे तर मामेभावाचा जिप्सीकडे असल्यामुळे गेला महिनाभर जेवताना दुसरा विषय निघत नव्हता.

आरंभीचे काही दिवस वर्ध्यात मगन संग्रहालय पाहण्यात, गोरसपाक खाण्यात आणि जुन्या स्नेह्यांच्या भेटीगाठींत गेले. पुढे जाम गाठून, नागपूर-हैदराबाद सडकेवरून अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारींचा तो अखंड ओघ पाहत चहा घेतला आणि सायंकाळी मामांच्या घरी पोहोचलो. त्या रात्री अवकाळी पाऊस झाला. वेचणीला आलेला कापूस भिजला म्हणून मामी रात्रभर हळहळत होत्या. मात्र त्या पावसावाचून पुढचा निकाल लागला नसता.

सकाळी हिंगणघाटहून मिस्त्री आले. वय पंचाहत्तरीच्या घरात, अंगात खाकी सदरा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांनी उमेदवारी केली त्या काळी पेट्रोलवर चालणारे फार्गो आणि डॉज ट्रक अजून सडकेवर होते आणि मालक त्यांतली इंजिने उतरवून डिझेलची चढवून घेत होते. देशात मालमोटारीचे राज्य पेट्रोलकडून डिझेलकडे गेले ते याच सुमारास; 1954 साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजची डिझेल मोटार बांधली जाऊ लागल्यावर ते स्थित्यंतर अटळच झाले होते. उलटपक्षी चार चाके ओढणारी जीप, जी महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जुळवावयास घेतली, ती दीर्घकाळ पेट्रोलचीच राहिली. हा सारा इतिहास मिस्त्रींच्या हातांनी उघडला आणि जोडला होता, म्हणून मी त्यांच्या शेजारून हललो नाही.

मामेभावाने दोन्ही गाड्या गावाच्या पाराजवळ आणवून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"गाड्या पाहाले मंग जाऊ, भाऊ. आधी पांदण दाखवा."

मामांच्या हातची पराणी घेऊन ते पांदणीत उतरले आणि दर पंधरा-वीस पावलांवर ती जमिनीत खुपसून, बाहेर काढून, टोकाला लागलेल्या चिखलाचा रंग बोटाने पाहत चालू लागले. गावाजवळच्या बरड तुकड्यात पराणी चार बोटे रुतून खडीला लागली. पुढे मोरंड जमीन लागली तेथे वीतभर गेली. नाल्याच्या अलीकडे, जेथे दोन्ही बाजूंच्या शेतांचे पाणी पांदणीतच उतरते, तेथे ती हातभर आत गेली आणि ओढून काढताना चोखल्याचा आवाज झाला. "वरून खडखडीत दिसते, खाली लोणी आहे," ते म्हणाले, आणि परत फिरले.

जिप्सी त्यांनी स्वतः चालवली. मी शेजारी बसलो. चिखल सुरू होण्याआधी गाडी थांबवून ते खाली उतरले आणि उकिडवे बसून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेले हब हातांनी पिळून अडकवले; तसे केल्यावाचून या गाडीची पुढची चाके इंजिनाशी जोडली जात नाहीत, आत कितीही दांडा ओढला तरी. मग चारही चाकांतली थोडथोडी हवा सोडली, जेणेकरून टायर पसरून जमिनीवर अधिक रुंद टेकावा. नंतर लहान दांडा ओढून, दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता आणि न हिसकता त्यांनी ती अवघ्या एका टनाची गाडी त्या हातभर चिखलावरून नेली. मागचा भाग डावी-उजवीकडे सरकत होता. चाकांना मातीचे थर चढून टायरवरची नक्षी पूर्णपणे बुजली होती. तरीही गाडी नाल्यापलीकडे गेली. तेथे त्यांनी खुरप्याने टायर खरवडले, मामांच्या कोठीतली सोयाबीनची पाच-सहा पोती डाल्यात टाकायला लावली आणि तीच वाट भरल्या गाडीनिशी परत कापली. या वेळी इंजिन रडकुंडीला आले. पेट्रोलच्या इंजिनाचे बळ त्याच्या वेगात असते. त्याला फेरे दिले नाहीत तर ते मान टाकते, आणि फार दिले तर चाक जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा खणते. त्या दोहोंमधली अरुंद वाट मिस्त्रींच्या उजव्या पायाला ठाऊक होती. मामेभावाच्या पायाला ती शिकावी लागणार होती.

ट्रकच्या बाबतीत त्यांनी पांदणीच्या तोंडाशीच हात वर केला. "इथं हिची हद्द संपली." परंतु ट्रकबरोबर आलेला तरुण चालक आपल्या गाडीचा हा अधिक्षेप सहन करण्यास तयार नव्हता, मोरंडाच्या तुकड्यापर्यंत जाऊन वळवून आणतो असे म्हणून त्याने ती आत घातली आणि वळवताना पुढचे डावे चाक बांधाकडच्या मऊ जमिनीत आसापर्यंत गेले. रिकाम्या ट्रकचा सारा भार पुढे, इंजिनावर. मागची ओढणारी जोडचाके हलकी, आणि जोडीतल्या दोन टायरांमधली फट चिकण मातीने गच्च भरलेली. मामेभावाने उत्साहाने जिप्सीला तारेचा दोर बांधून ओढून पाहिले. चारही चाके जागीच फिरली. हलकेपणामुळे जी गाडी चिखलात बुडत नाही, त्याच हलकेपणामुळे तिला जमिनीचा आधार घेऊन दुसऱ्याला ओढता येत नाही, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसले आणि मला त्याचे विलक्षण कौतुक वाटले.

मग दुपारपर्यंत आम्ही गेल्या हंगामातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या बांधावरच्या ढिगातून आणून चाकांखाली दाबत होतो. हातांना ओरखडे, पायांना मणामणाची माती. त्या श्रमात मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. 1867 साली आगगाडी नागपूरला पोहोचण्यापूर्वी या मुलखाचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत शेकडो मैल नेला जाई, आणि वाटेत पावसाने गाठले तर भिजून जड झालेली ओझी आणि काळ्या जमिनीचा गारा यांच्यामध्ये तांडाच्या तांडा अडकून पडे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, लोहमार्ग आला, हिंगणघाटला गिरणी आली. पण हे सारे सुधारणेचे सामर्थ्य सडकेपाशी येऊन थांबले, आणि सडकेपासून शेतापर्यंतचा तो शेवटचा तुकडा मात्र लमाणांच्या वेळी होता तसाच आजही आमच्या पायांखाली होता. ज्या सरकारांनी सातशे किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून नेला, त्यांना पांदणीवर मुरूम टाकणे अशक्य असेल असे मला वाटत नाही. पांदण रस्त्यांच्या योजना कागदावर आहेतही, आणि त्या या नाल्यापर्यंत पोहोचाव्यात अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

पऱ्हाट्यांचा थर पुरेसा झाल्यावर मिस्त्रींनी चालकाला मागच्या गिअरमध्ये टाकायला सांगितले. "बिलकुल रेस देऊ नोको. क्लच सोड अन् बसून राह्य." त्याने क्लच सोडला. इंजिन एकदा खोल हुंकारले, बंद पडेल असे वाटले, पडले नाही. आणि प्रवेगकावर पायाचा स्पर्शही नसताना तो अवजड देह इंच इंच मागे सरकत, पऱ्हाट्या कडाकडा मोडीत, बरड जमिनीवर येऊन उभा राहिला. पेट्रोलमध्ये ठिणगी पाडून जाळ करावा लागतो. डिझेलमध्ये हवाच पंधरा-सतरा पट दाबून इतकी तापवलेली असते की तेल पडताच पेट घेते, आणि त्या मोठ्या, संथ, दमदार धक्क्यांमुळेच ते इंजिन कमी फेऱ्यांतही आपले बळ सोडत नाही. सकाळपासून जिप्सीच्या बाजूने झुकलेले माझे मन त्या दृश्याने पुन्हा डळमळले, हे नमूद केले पाहिजे.

जेवायला पाटोडीचा रस्सा आणि भाकरी होती. मामा जिंकल्याच्या सुरात म्हणाले, "पाहिलं का मिस्त्री, किती दम आहे ट्रकमंधी! साठ क्विंटल कापूस एका नाहीतं दोन खेपंत हिंगणघाटले. जिप्सीनं बारा खेपा होते, अन् पेट्रोल महाग."

"बरोबर आहे जी," मिस्त्री म्हणाले. "दमात ट्रकच भारी. पण ट्रक तं भाड्यानं भेटते नं. हिंगणघाटले फोन केला का सायंकाळी सडकेवर उभा. बंड्या घरच्या आहेत, सडकेवरी माल त्या आणते. वर्षातून किती दिवस काम आहे तुमचं? अन् बाकीचे दिवस त्याचा हप्ता, टायर, विमा, परवाना कोण भरते? पांदणीतून श्रावणाच्या रातच्याले बाहेर काढणारी गाडी मात्र कोणीच भाड्यानं देत नाही. जे भाड्यानं भेटते ते इकत कायले घ्याचं?"

मामा काही बोलणार तोच मामी भाकरी वाढता वाढता थांबल्या. गेल्या भादव्यात सालदाराच्या बायकोला साप चावला तेव्हा तिला बाजेवर घालून चौघांनी या पांदणीतून सडकेपर्यंत नेले होते आणि मग सेवाग्रामच्या दवाखान्यात, ती वाचली. मामींनी ते पुन्हा सांगितले नाही. "तिचं नाव घ्या एकदा," एवढेच त्या म्हणाल्या आणि मामांच्या ताटात रस्सा वाढला. मामांनी ट्रकचा विषय त्यानंतर काढला नाही.

मिस्त्रींच्या युक्तिवादाने मला जे पटले ते मी तेव्हापासून अनेकांना सांगतो आहे. गाडी विकणारे आणि विकत घेणारे दोघेही शक्ती, मायलेज आणि मालाचे वजन यांचा हिशेब डांबरी सडकेवर मांडतात. वास्तविक सडकेवर बाजारातली कोणतीही गाडी चालते आणि मागितली तर मिळते. ज्या ठिकाणी आणि ज्या वेळी दुसरे कोणी येणार नाही, त्या ठिकाणासाठी आणि त्या वेळेसाठी स्वतःच्या मालकीची वस्तू असावी, मग ती लहान असो, खर्चीक असो. याला मिस्त्रींनी एक मर्यादाही घालून दिली: पांढऱ्या पाटीची गाडी आहे, तिच्यात घरचाच माल न्यावा, शेजाऱ्याचा भाड्याने नेण्याच्या मोहात पडू नये.

दुसऱ्या दिवशी जिप्सीतूनच आम्ही गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याला गेलो. थट्टा करणाऱ्या एका फिरत्या व्यापाऱ्याच्या मालाचे फकिराने दगड केले अशी तेथली आख्यायिका आहे आणि ते गोल दगड टेकडीवर अजून वेचता येतात. परतताना गाडीच्या पुढच्या चाकातून बारीक करकर ऐकू येऊ लागली. मिस्त्रींनी ती ऐकून घेतली, अंगणात पोते अंथरायला लावले आणि दोन्ही हब उघडून त्यांचे भाग एकेक करून त्यावर मांडले. उजव्या हबातले ग्रीस पिवळसर, पाणी मिसळलेले निघाले. म्हणजे सील गेले होते. विकणाऱ्याला त्यांनी ते बोटावर घेऊन दाखवले. नवी सीले, बेअरिंग आणि गिअरचे तेल यांची यादी नागपूरच्या दुकानासाठी मामेभावाकडून लिहून घेतली, तेवढी रक्कम किमतीतून वजा करवली, आणि एम. एच. 32 च्या कार्यालयात पुनर्नोंदणीचे कागद विकणाऱ्यानेच पुरे करून द्यावेत ही अट घातल्यानंतरच मामांनी कनवटीचे पैसे काढून बयाणा दिला.