त्याले आत कोन आननार?

आमच्याकडे एक वही आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रो कबड्डीचा हंगाम जवळ आला की ती अकोल्यात दादाच्या कपाटातून बाहेर निघते आणि मी अमरावतीहून एसटीने अकोल्याला जातो. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. तो, मी, आमची दोघांची मुलं आणि दादाचे दोन मित्र असे सहा जण बसतो, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवतो आणि आळीपाळीने एकेक खेळाडू घेतो. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. प्रत्येकाचे सात झाले की वही बंद. मग त्या सात जणांनी हंगामभर खऱ्या सामन्यांत मिळवलेले गुण मोजायचे. चढाईचा गुण तो एक, पकडीचा गुण तोही एक. पैशांचा संबंध नाही. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना गिला वडा खाऊ घालायचा, एवढीच पैज. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि मोबाइलवरचे पैसे लावून खेळायचे असले खेळ बंद झाले, तेव्हा आमच्या वहीला काहीच झालं नाही.

तर गोष्ट २०२२ च्या दसऱ्याची. सोनं वाटून झालं आणि आम्ही वही काढली. पहिली चिठ्ठी माझी निघाली. मी डोळे झाकून पवन सेहरावत म्हणालो. त्या वर्षी तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं, लीगमधली तोवरची सगळ्यात मोठी बोली. दादाचा नंबर तिसरा. त्याने जयपूरचा अर्जुन देशवाल घेतला. चढाईपटू चांगलाच होता, त्यात नवल काही नाही. नवल वाटलं ते दादाने सांगितलेल्या कारणाचं.

"जयपूरनं औंदा सुनील कुमार घेतला ना मध्यात," तो म्हणाला.

"अरे दादा, पण तू तर अर्जुन घेतला!"

"हो ना. पन अर्जुन बाहीर बसला त त्याले आत कोन आननार?"

मी हसलो. पोरंही हसली. दादाने मुकाट्याने नाव लिहिलं.

आता ज्यांनी शाळा सुटल्यावर कबड्डी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे पूर्वी हा खेळ तीन प्रकारांनी खेळायचे. अमर, गामिनी आणि संजीवनी. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहायचा. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. आणि संजीवनीत आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला एक आत येणार. आजची कबड्डी या संजीवनीवर उभी आहे. नाव किती नेमकं आहे बघा! बाहेर बसलेला मेल्यासारखाच. तो स्वतःला उठवू शकत नाही, दुसऱ्या कुणीतरी मुळी आणावी लागते.

शिवाय आत येण्याला रांग असते. जो आधी बाद झाला तो आधी आत. म्हणजे तुमचा कोट्यवधींचा चढाईपटू तिसरा बाद झाला असेल तर त्याच्या संघाला तीन गडी टिपावे लागतात, तेव्हा तो परत येतो. बोनसचा गुण फलकावर चढतो, पण त्याने कुणी आत येत नाही. सामना चाळीस मिनिटांचा. त्यात हा माणूस दहा-बारा मिनिटं बाकावर बसला तर कितीही चपळ असला तरी काय करणार? आणि मुख्य चढाईपटूच बाहेर असताना त्याला आत आणायचं काम बहुतेक वेळा पकड करणाऱ्यांवरच येतं. म्हणजे आपण वहीत नाव लिहितो चढाईपटूचं, पण खरं तर त्याच्या मागचे दोन कोपरे आणि दोन मध्यरक्षक निवडत असतो. दादा हेच म्हणत होता. मला कळायला दोन हंगाम लागले.

२०२२ चं काय झालं ते सांगतो. पवन पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. हे नशीब, त्यात माझी चूक नाही, असं मी मनाशी म्हणालो. पण पुढे झालं ते जास्त शिकवणारं होतं. पवन गेला तरी थलैवाजची पकड करणारी पोरं जागेवर होती. त्यांच्या जिवावर नरेंदर नावाचा नवखा पोरगा चढाया करत राहिला आणि पहिल्याच हंगामात दोनशे चाळीसच्या वर गुण काढून बसला. संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. नरेंदर आमच्या वहीत कुणाकडेच नव्हता. आणि दादाचा अर्जुन? चढाईचे २९६ गुण, हंगामात सगळ्यात जास्त. त्याच संघाचा डावा कोपरा अंकुश पकडीचे ८९ गुण काढून पकडीत पहिला आला. जयपूर विजेता. वडे मी खाऊ घातले.

पण मी काही लगेच सुधारलो नाही. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाखांच्या वर मोजून घेतलं आणि मी पुन्हा पवनच घेतला. टायटन्सने बावीस सामन्यांत दोन जिंकले. पवनने तरीही चढाईचे दोनशेच्या वर गुण काढले, हे त्याचं मोठेपण. पण तो बाकावर बसलेला दिसला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, आता याला आत कोण आणणार?

दादाचंही तंत्र दर वेळी चालतं असं नाही, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी पुण्याने इराणचा मोहम्मदरझा शादलू २ कोटी ३५ लाखांना घेतला. पकडीत पुणं भक्कम होणार हे दिसत होतं, म्हणून दादाने अस्लम इनामदार घेतला. पुणं विजेतं झालं, शादलूने पकडीचे ९९ गुण मिळवले, पण अस्लमच्या खात्यात दादाला वाटलं तेवढे गुण आले नाहीत. कारण पुण्याकडे अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते असे चढाया वाटून घेणारे बरेच. चांगल्या घरात कामं वाटली जातात, तसंच. तेव्हापासून आमचा ठोकताळा असा आहे : मागची पकड मजबूत हवी आणि पुढे चढाया करणारा शक्यतो एकटा हवा. दोन्ही जमलं तर पहिल्या फेरीत घ्यावा. नुसतं नाव मोठं असेल तर दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावं.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, आमच्याकडे अमेरिकन फुटबॉलचा असाच खेळ चालतो आणि तिथेही हेच भांडण असतं. त्यांच्याकडे पुढे पाच दांडगे गडी उभे असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. ते समोरच्यांना अडवतात आणि मागून चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून देतात. खेळाडू निवडताना या पाचांना कुणी घेत नाही, कारण त्यांच्या नावावर गुणच नसतात. पण शहाणा माणूस पळणाऱ्याला घेण्याआधी त्याच्या पुढचे पाच जण बघतो. त्याने सॅक्वॉन बार्कलीचं उदाहरण दिलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून तो ९६२ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, तिथली लाइन भक्कम, आणि तोच माणूस २,००५ यार्ड पळाला. एका वर्षात पाय तर बदलले नव्हते!

फोन ठेवला आणि मला आमचाच एक सामना आठवला. खरं तर तो कधी विसरलोच नव्हतो, फक्त अर्धाच लक्षात ठेवला होता.

१९९४ ची गोष्ट. तालुक्याची स्पर्धा, मातीचं मैदान. आमच्या भागात कबड्डी काही नवी नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संघाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी खेळून दाखवली होती, हे आम्हाला लहानपणापासून ऐकवलं जायचं. मी चढाईपटू, दादा डावीकडचा मध्यरक्षक. अंतिम सामना. शेवटची सहा-सात मिनिटं उरली होती, आम्ही मागे, आणि मी पकडला गेलो. माझ्या आधीचे दोघे बाहेर बसलेले. म्हणजे तीन गडी टिपल्याशिवाय मी आत येणार नव्हतो आणि आमच्या चढाया तर रिकाम्या परतत होत्या. आत उरलेल्या पोरांनी एकामागून एक तीन पकडी केल्या. कोपऱ्यातला पोरगा घोटा धरायचा आणि दादा मधून अंग घालून चढाई करणाऱ्याची मध्यरेषेकडची वाट बंद करायचा. माइकवर नाव पुकारलं जायचं कोपऱ्याचं. साखळीतल्या दुसऱ्या हाताचं नाव तेव्हाही कुणी घेत नव्हतं, आजही गुण एकाच्याच नावावर लागतो. तिसऱ्या पकडीत दादाचा गुडघा फिरला. त्याला उचलून बाहेर नेलं आणि मी आत गेलो. दोन चढायांत पाच गडी टिपले. आम्ही जिंकलो. उत्कृष्ट चढाईपटूची ढाल मला मिळाली.

दादा त्यानंतर खेळला नाही. अकोल्याला दाल मिलमध्ये लागला. मला पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेताना त्या प्रमाणपत्राचा उपयोग झाला आणि मी शाळेत खेळाचा शिक्षक झालो. ढाल माझ्या बैठकीत आहे. पाहुण्यांना मी ती गोष्ट 'दोन चढायांत पाच गडी' इथूनच सांगत आलो. तीस वर्षं.

२०२५ च्या पोळ्याला अकोल्याला गेलो होतो, हंगाम तोंडावर आला होता. वही उघडली तेव्हा मी म्हटलं, यंदा साखळीचाही अर्धा गुण मोजू या. पोरं म्हणाली, बाबा, टीव्हीवर तो आकडा दाखवतच नाहीत, मोजणार कोण? बरोबर होतं त्यांचं. मग मी पहिल्यांदाच पोरांना १९९४ चा सामना अगदी सुरुवातीपासून सांगितला. ढालीच्या आधीचा. सांगताना दादाकडे बघायचं टाळत होतो. म्हटलं, ती ढाल खरं तर या माणसाच्या तीन पकडींची आहे.

पोरं दादाकडे बघायला लागली. दादा गुडघा चोळत वहीत रेघा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "तीन नाय बे, दोनच. तिसऱ्यात मी पयलेच पडलो होतो. थो त्या कोपऱ्यातल्या पोरानं एकट्यानंच धरला."

आता हे खरं की त्याचा स्वभाव, मला सांगता यायचं नाही. त्या कोपऱ्यातल्या पोराचं नाव मात्र आम्हा दोघांनाही आठवेना. बराच वेळ आठवत बसलो.

असो. त्या हंगामाचे वडेही माझ्याकडेच लागले.