रिकामे बॉलपेन

रिफिल संपलेले बॉलपेन मी कधी फेकत नाही. तुम्ही म्हणाल, केवढा काटकसरी! पण कारण वेगळेच आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारी तलाव पुष्कळ. उन्हाळ्यात पाणी उतरले की आबाजी गळाची काठी घेऊन निघत, मागोमाग मी. गळाच्या दोरीला ते मोरपिसाच्या दांडीचा तुकडा बांधत. तो पाण्यावर तरंगे. बुडाला की मासा लागला समजायचे. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात. कटला मात्र वर येऊन खातो. उथळ पाण्यात हा तुकडा नेमका त्याच्या डोक्यावर येतो, आणि सावली पडली की तो बिचकतो.

बारावीत मला युक्ती सुचली. पारदर्शक बॉलपेनची नळी दोन्ही टोकांना मेणाने बंद केली, खाली दोरीला शिशाचा मणी लावला. नळी उभी तरंगू लागली. सावली अगदी पुसट! पहिल्याच सकाळी कटला लागला. मोठ्या ऐटीत मी काठी आबाजींच्या हाती दिली. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मासोळीले दिसत नाही खरं, बापू, पण मलेही दिसत नाही."

त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता!

त्या संध्याकाळी नळीच्या वरच्या टोकाला मी ताईचे लाल नेलपॉलिश लावले. पाण्याखालचा भाग माशासाठी, वरचा आबाजींसाठी. दिवाळीपूर्वी त्यांचे ऑपरेशनही झाले.

मी सगळा विचार माशाच्या डोळ्यांचा केला होता. काठी कोणाच्या हातात आहे, हे मात्र पाहायचे राहून गेले होते.