डिअरबॉर्नचा राग आणि न्यूयॉर्कचे घरभाडे

१ जानेवारी २०२६ रोजी जोहरान ममदानी यांनी कुरआन शरीफवर हात ठेवून न्यूयॉर्कच्या महापौरपदाची शपथ घेतली. त्या शहराचे ते पहिले मुस्लिम महापौर. वय अवघे ३४. नोव्हेंबरात निकाल लागला तेव्हा आपल्याकडच्या मोबाईलवर मुबारकबादीचे इतके संदेश फिरले की जणू आपल्याच वॉर्डातला उमेदवार निवडून आला! त्यांचे वडील महमूद ममदानी यांचा जन्म मुंबईचा, आई मीरा नायर भारतातल्या नामवंत दिग्दर्शिका. तेव्हा आपुलकी वाटणे साहजिक आहे. मलाही आनंद झाला. पण ‘आपला माणूस आला’ एवढ्यावरच आपण थांबलो, तर त्या निवडणुकीत शिकण्यासारखे जे आहे ते राहून जाईल, असे मला वाटते.

ते समजून घ्यायचे तर आधी एक वर्ष मागे, मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला जावे लागेल. डेट्रॉइटला लागून असलेले, लाख-सव्वा लाख वस्तीचे हे शहर. फोर्ड मोटार कंपनीचे मुख्यालय इथेच. कारखान्यातल्या कामासाठी आलेली अरब कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली आणि आज शहरातली निम्म्याहून अधिक वस्ती अरब मुळाची आहे. कुणाचे नातेवाईक दक्षिण लेबनॉनमध्ये, कुणाचे येमेनमध्ये, कुणाचे पॅलेस्टाईनमध्ये. २०२० साली इथल्या दर दहा मतांपैकी जवळपास सात मते बायडन यांना पडली होती.

मग गाझाचे युद्ध सुरू झाले. ज्यांना आपण मत दिले त्यांच्याच सरकारची शस्त्रे तिकडे जाताना लोकांनी पाहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक मतदारांनी बायडन यांच्या नावापुढे खूण न करता ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘कोणाशीच बांधील नाही’, या पर्यायाला मत दिले. ऑगस्टमध्ये शिकागोला पक्षाचे अधिवेशन भरले. व्यासपीठावरून एका पॅलेस्टिनी अमेरिकन वक्त्याला काही मिनिटे बोलू द्या, एवढीच या लोकांची मागणी होती. तीही नाकारली गेली.

नोव्हेंबरात डिअरबॉर्नने उत्तर दिले. ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, कमला हॅरिस यांना सुमारे ३६ टक्के आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना सुमारे १८ टक्के मते पडली. पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी गाझा अमेरिकेने ताब्यात घ्यावा आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवावे, अशी भाषा केली. जूनमध्ये बारा देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी लागू झाली आणि त्या यादीत येमेनही होता. म्हणजे ज्या घरांतून रागाचे मत गेले, त्यांतल्याच काही घरांच्या नातेवाइकांना येण्याची वाट बंद झाली.

माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. फोनवर मी त्याला हेच म्हटले, की या लोकांनी पुढचा विचार करायला हवा होता. तो थोडा चिडलाच. म्हणाला, “खाला, घरात मय्यत असताना हिशेब कोण करतो?”

त्याचे म्हणणे मी बराच वेळ मनात घोळवले. ते खरे आहे. ज्यांच्या कुटुंबातली माणसे बॉम्बखाली गेली, त्यांना शहाणपण शिकवण्याचा अधिकार दूर बसलेल्या कोणालाच नाही. शिवाय हॅरिस यांच्या पराभवाचे खापर डिअरबॉर्नवर फोडणे हिशेबातही बसत नाही. चुरशीची मानली गेलेली सातही राज्ये त्या हरल्या. एकटे मिशिगन हाती लागले असते तरी त्या अध्यक्ष झाल्या नसत्या. दोष द्यायचाच तर आधी त्या पक्षाला द्यावा, ज्याने ही मते खिशातली समजली आणि दारात आलेल्या माणसाचे ऐकूनही घेतले नाही.

तरीही एक गोष्ट उरतेच. रागाच्या मताने ‘नाही’ सांगता येते. ‘काय हवे’ ते सांगायला मात्र आधी आणि नंतरही बरेच काम करावे लागते. ते काम कसे करतात, हे मला न्यूयॉर्कमध्ये दिसले.

ट्रम्प निवडून आल्यानंतर काही दिवसांतच ममदानी माईक घेऊन ब्रॉन्क्समधल्या फोर्डहॅम रोडवर आणि क्वीन्समधल्या हिलसाइड अव्हेन्यूवर उभे राहिले. क्वीन्सच्या त्या भागात आपल्या उपखंडातली माणसे मोठ्या संख्येने राहतात. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले, तुम्ही मत कोणाला दिले आणि का? कोणी ट्रम्पना दिले होते, कोणी दिलेच नव्हते. लोक भाड्याबद्दल बोलले, महागाईबद्दल बोलले, गाझाबद्दलही बोलले. ममदानींनी कोणाशी वाद घातला नाही. ऐकून घेतले.

दुसरे उदाहरण आपल्या घरातल्या बायकांना चटकन कळेल. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर हलाल चिकन आणि भाताच्या गाड्या असतात. ही प्लेट महाग का झाली, असे त्यांनी गाडीवाल्यांना विचारले. महापालिकेच्या परवान्याची फी सुमारे ४०० डॉलर, पण परवाने मोजकेच. त्यामुळे तोच परवाना दुसऱ्याकडून भाड्याने घ्यायला गाडीवाल्याला वीस-बावीस हजार डॉलर मोजावे लागतात. ते पैसे शेवटी खाणाऱ्याच्या ताटातून वसूल होतात. मुस्लिम गाडीवाल्याची अडचण आणि कुठल्याही धर्माच्या भुकेल्या कामगाराची अडचण एकच आहे, हे त्यांनी एका प्लेटीवरून दाखवून दिले.

हे सारे निवडणुकीपुरते नव्हते. २०२१ साली टॅक्सीच्या परवान्यांपायी कर्जात बुडालेल्या चालकांनी उपोषण केले, तेव्हा राज्य विधानसभेचे सदस्य असलेले ममदानी त्यांच्याबरोबर पंधरा दिवस उपाशी राहिले होते. या चालकांत दक्षिण आशियातले खूप जण होते, पण कर्जमाफी मिळाली ती सर्व धर्मांच्या चालकांना.

त्यांनी आपले मुसलमान असणे लपवले नाही आणि गाझावरचे मतही बदलले नाही. प्रचाराच्या शेवटी त्यांच्या धर्मावरून बरेच वाईट बोलले गेले, तेव्हा ब्रॉन्क्समधल्या एका मशिदीबाहेर उभे राहून त्यांनी त्याला उघड उत्तर दिले. पण मते मागितली ती घरभाडे, बस आणि मुलांचे पाळणाघर यांवर. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले. ज्या शहरात मुसलमान अल्पसंख्य आहेत, तिथे एवढी मते फक्त आपल्या माणसांची असूच शकत नाहीत.

माझे मत असे, की अल्पसंख्य समाजाचे दुःख इतरांना कळावे असे वाटत असेल, तर त्याने इतरांच्या दुःखातही रोजचा सोबती असले पाहिजे. मय्यतीला खांदा द्यायला तोच शेजारी पुढे येतो, ज्याच्या अडीअडचणीला आपण आधी धावून गेलेलो असतो. डिअरबॉर्नच्या लोकांना असे शेजारी कमी पडले. त्यात त्यांच्यापेक्षा शेजाऱ्यांचा दोष मोठा आहे. पण शेजार जोडण्याचे काम दोन्हीकडून करावे लागते, हेही तितकेच खरे.

खरी कसोटी आता आहे. शहरातल्या सुमारे दहा लाख घरांचे भाडे किती वाढवायचे, हे नऊ जणांचे एक मंडळ ठरवते आणि ते सदस्य महापौर नेमतात. भाडेवाढ थांबवण्याचे वचन त्यांना त्या मार्गाने पाळावे लागेल. मोफत बसचे काम अधिक अवघड, कारण बस चालवणारी संस्था राज्याच्या हाताखाली आहे. क्वीन्समधल्या एखाद्या विधवेच्या घराचे भाडे वाढले नाही, तर ती मुसलमान आहे की ख्रिश्चन हे न पाहता मी खुशी मानेन. आणि वचने हवेत विरली, तर महापौरांचे नाव आपल्यातले आहे म्हणून गप्प बसणेही बरोबर होणार नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याकडेही निवडणुका येतात-जातात. आपल्या दारी मत मागायला येणाऱ्याला आपण काय विचारतो? त्याचे आडनाव तर आपल्याला आधीच माहीत असते. नळाला पाणी किती वाजता येणार, दवाखान्यात डॉक्टर कधी बसणार, मुलींच्या शाळेपर्यंतच्या रस्त्यावर दिवे कधी लागणार, हे त्याला विचारावे. आणि विचारताना शेजारच्या आळीतल्या बायकांनाही बरोबर घ्यावे. पाणी त्यांच्याकडेही येत नसते.